चारित्र्याचा पुरावा: तालुका कोर्टात कधी कामी येतो, कधी अंगावर उलटतो

"साहेब, गावात कोणालेबी इचारा, पोरगं चांगलं हाये." पक्षकाराच्या बापाचं हे वाक्य कोर्टाबाहेरच्या चहाटपरीवर ऐकलं नाही असा वकील विदर्भात सापडणार नाही. नुकती सनद मिळालेल्याला यातून वाटतं की दोन-चार प्रतिष्ठित माणसं कठड्यात उभी केली की अर्धं काम झालं. तसं नसतं. फौजदारी खटल्यात आरोपीच्या चांगुलपणाचा पुरावा द्यायचा की नाही, हे आरोपीच्या हातात असतं. त्यानं तो दिला नाही तर सरकार पक्षाला त्याच्या वाईटपणावर बोट ठेवता येत नाही. त्यानं तो दिला, की सरकार पक्षाला मोकळं रान मिळतं. धुरा (शेताचा बांध) फोडून पाणी घेतलं की ते आपल्याच वावरात थांबत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको. म्हणून चारित्र्याचा पुरावा देण्याआधी काय तपासायचं, दिलाच तर कसा द्यायचा आणि समोरच्यानं चोरवाटेनं आणला तर कुठे अडवायचा, ते क्रमानं बघू.

पायरी १: आधी तारीख बघा, मग कलम लिहा

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. पण त्याच्या कलम १७० प्रमाणे त्या दिवसाआधीपासून प्रलंबित असलेला तपास, चौकशी, खटला किंवा अपील जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यानंच चालतं. तालुका कोर्टात दोन्ही प्रकारच्या फाइली एकाच बोर्डावर येतात, आणि जुन्या खटल्याच्या अर्जात नवं कलम टाकलं की न्यायाधीश पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.

डायरीच्या मागच्या पानावर एवढं लिहून ठेवा. दिवाणी दाव्यातलं चारित्र्य: जुनं कलम ५२, नवं ४६. आरोपीचं चांगलं चारित्र्य: ५३ चं ४७. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं चारित्र्य: ५३-अ चं ४८. आरोपीचं वाईट चारित्र्य: ५४ चं ४९. नुकसानभरपाईच्या रकमेवर परिणाम करणारं चारित्र्य: ५५ चं ५०. चारित्र्याच्या साक्षीदाराचा उलटतपास: १४० चं १४५. या कलमांचा गाभा फारसा बदललेला नाही, त्यामुळे जुने निवाडे अजून उपयोगी पडतात. खाली सगळीकडे नवे क्रमांक दिले आहेत.

पायरी २: चारित्र्य म्हणजे नेमकं काय सिद्ध करायचं

कलम ५० च्या स्पष्टीकरणात चारित्र्यात दोन गोष्टी धरल्या आहेत. एक, माणसाचा लौकिक, म्हणजे लोक त्याला कसा समजतात. दुसरी, त्याची मूळ वृत्ती, म्हणजे तो खरोखर कसा आहे. पुरावा मात्र सर्वसाधारण लौकिकाचा आणि सर्वसाधारण वृत्तीचाच देता येतो. एकेक प्रसंग सांगता येत नाही. "पोळ्याच्या दिवशी त्याला पैशाचं पाकीट सापडलं, त्यानं ते पोलीस पाटलाकडे जमा केलं" ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण चालत नाही. नेमका प्रसंग फक्त कलम ४९ च्या वाटेनं येतो, आणि तिथेही तो आरोपीच्या विरोधात येतो: आधी झालेली शिक्षा.

दुसरं पथ्य असं की जो गुण सांगाल तो आरोपाशी भिडला पाहिजे. चोरी-अपहाराच्या खटल्यात प्रामाणिकपणा आणि मारहाणीच्या खटल्यात शांतपणा कामाचा. मोटरपंप चोरीच्या केसमध्ये साक्षीदार जर सांगत बसला की आरोपी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज येतो आणि सप्त्यात पंगत वाढतो, तर सरकारी वकील आक्षेपसुद्धा घेणार नाही, कारण त्यातून त्याचं काहीच बिघडत नाही.

पायरी ३: पक्षकाराची पाटी कोरी आहे का

हे काम साक्षीदार शोधण्याच्या आधीचं. पक्षकाराला "आधी काही केस होती का?" असं विचारलं की उत्तर हमखास "नाही" येतं. तो खोटं बोलत असतो असंही नाही. दारूबंदीच्या केसमध्ये गुन्हा कबूल करून दंड भरला तर ती शिक्षाच झाली, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून प्रश्न फोडून विचारा. कधी पोलीस ठाण्यात सही केली? कधी कोर्टात दंड भरला? पावती आहे? तहसीलमध्ये बाँड लिहून दिला? तडीपारीची नोटीस आली होती?

मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधा. फक्त आपल्या तालुक्यात नाही, सासरवाडीच्या आणि तो जिथे कामाला जात होता त्या तालुक्यातही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. नुसतं "निकाली" एवढं दिसलं तर निकालपत्र काढून वाचा, कारण निर्दोष सुटका, तडजोड आणि शिक्षा या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ४९ चं दुसरं स्पष्टीकरण फक्त पूर्वीच्या दोषसिद्धीला वाईट चारित्र्याचा पुरावा म्हणतं. नुसता दाखल झालेला गुन्हा किंवा चालू असलेला खटला म्हणजे दोषसिद्धी नव्हे.

पायरी ४: द्यायचा की नाही

इथे आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेक खटल्यांत देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं भगवान स्वरूप विरुद्ध महाराष्ट्र राज्य (ए.आय.आर. १९६५ एस.सी. ६८२) या निवाड्यात सांगितलं आहे की चारित्र्याचा पुरावा फार दुबळा असतो. गुन्ह्याचा थेट, विश्वासार्ह पुरावा समोर असेल तर तो टिकत नाही. पारडं जिथे डळमळतंय तिथे मात्र तो आरोपीच्या बाजूनं झुकवू शकतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा. माल पंचांसमक्ष आरोपीच्या गोठ्यातून जप्त झाला आणि पंच फितूर झाले नाहीत, तर दहा सरपंच आणूनही उपयोग नाही. सरकारचा पुरावा मुळातच पडला असेल तर चारित्र्य आणून सरकारी वकिलाला आयती संधी देण्यात शहाणपण नाही. मधली जागा उरते ती अशी: एकच साक्षीदार आहे, त्याचं आरोपीशी धुऱ्याचं जुनं भांडण आहे, ओळख अंधारातली आहे, आणि आरोपीची पाटी खरोखर कोरी आहे. किंवा मालक-गडी, सोसायटीचा सचिव, रेशन दुकानदार अशा विश्वासाच्या नात्यातला अपहाराचा आरोप आहे आणि प्रश्न हेतूचा आहे. अशा ठिकाणी दोन चांगले साक्षीदार वजन टाकून जातात.

पायरी ५: साक्षीदार निवडणं

किती हवेत याला कायद्यात आकडा नाही. कलम १३९ प्रमाणे कोणतीही गोष्ट सिद्ध करायला ठरावीक संख्येनं साक्षीदार लागत नाहीत. दोन पुरे, तीन खूप. जितके जास्त, तितके उलटतपासात एकमेकांना छेद देणारे.

कोण चालतो? आरोपीला बरीच वर्षं ओळखणारा, त्याच्याशी व्यवहार असलेला आणि गावात लोक त्याच्याबद्दल काय बोलतात हे रोज कानावर पडणारा माणूस. किराणा दुकानदार, दूध डेअरीवाला, निवृत्त गुरुजी, ज्यांच्या वावरात तो मक्त्यानं किंवा बटईनं कास्तकारी करतो ते शेतमालक. पोलीस पाटील चालतो, आणि त्याच्या शब्दाला वजनही असतं. पण त्यानंच पूर्वी ठाण्यात आरोपीविरुद्ध काही कळवलेलं असेल तर तो कागद उलटतपासात निघतो. आधी विचारून घ्या.

कोण टाळायचा? भाऊ, साळा, व्याही, त्याच पार्टीचा कार्यकर्ता आणि ज्याची स्वतःची केस त्याच कोर्टात चालू आहे असा माणूस.

आता सर्वांत नेहमीची चूक. सरपंचाच्या लेटरहेडवर "सदर इसम सुस्वभावी असून त्याची वागणूक चांगली आहे" असा दाखला घेऊन पक्षकार येतो, खाली गोल शिक्का. कधी ग्रामसभेचा ठरावच आणतात, कधी तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांचं पत्र. खटल्याच्या पुराव्यात या कागदांची किंमत जवळजवळ शून्य आहे, कारण ज्यानं सही केली तो शपथेवर नाही आणि त्याचा उलटतपास होत नाही. बोलायचं असेल तर सरपंचांनी स्वतः यावं. पोलिसांकडून नोकरीसाठी मिळणारं चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्रही "नोंद आढळली नाही" एवढंच सांगतं. त्यावरून वृत्ती सिद्ध होत नाही.

पायरी ६: अर्ज आणि वेळ

सरकारी पुरावा संपला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या, पुढे नुसतं सुरक्षा संहिता) कलम ३५१ खाली आरोपीचा जबाब झाला, की बचावाचा पुरावा देण्याची वेळ येते. सत्र खटल्यात कलम २५६, वॉरंट खटल्यात २६६, समन्स खटल्यात २७७. त्याच तारखेला साक्षीदारांची यादी आणि समन्सचा अर्ज द्या. अर्जात नुसतं "बचावाचे साक्षीदार" न लिहिता कोणता साक्षीदार कशावर बोलणार ते एका ओळीत लिहा, नाहीतर वेळकाढूपणा म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. साक्षीदाराचा भत्ता भरावा लागेल का, हे त्याच वेळी कोर्टाला विचारून रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) नोंदवून घ्या.

तारीख मागताना गावाचं कॅलेंडर डोळ्यासमोर ठेवा. मृग लागल्यावर पेरणीच्या आठवड्यात किंवा दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या भरात खेड्यातला साक्षीदार येत नाही. दोनदा आला नाही की कोर्ट बचावाचा पुरावा बंद करून टाकतं.

पायरी ७: सरतपास

सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला आपण विचारायचे प्रश्न, लहान ठेवा. सात-आठ प्रश्न पुरतात. आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येत नाहीत, हे विसरू नका. मोटरपंप चोरीच्या खटल्यातला किराणा दुकानदार साक्षीदार समजा.

"तुम्ही या गावात कधीपासून राहता?"
"जल्मापासून. वीस वर्सं झाले दुकान हाये."
"आरोपीला कसे ओळखता?"
"आमच्याच गल्लीतला. सामान माह्याकूनच नेते."
"पैशाच्या, दुसऱ्याच्या वस्तूच्या बाबतीत गावात त्याच्याबद्दल काय मत आहे?"
"लोकं म्हन्तात, हातचा साफ हाये. कोनाच्या काडीले हात लावत नाही."
"तुमचं स्वतःचं मत काय?"
"तेच."

पहिले दोन प्रश्न ओळखीचा पाया घालतात, तिसरा लौकिक आणतो, चौथा वृत्ती. एवढंच. इथे थांबा. जबाब टंकलिखित होताना स्क्रीनकडे लक्ष ठेवा. वऱ्हाडी उत्तराचं प्रमाण मराठीत रूपांतर होताना "लोकं म्हन्तात" गळून पडतं आणि नुसतं "आरोपी चांगला आहे" उरतं. मग लौकिकाचा मुद्दाच नोंदीत राहत नाही. जबाब वाचून दाखवतात तेव्हाच नम्रपणे दुरुस्ती मागा. सही झाल्यावर बोलून काही होत नाही.

पायरी ८: उलटतपासाची तयारी

कलम १४५ प्रमाणे चारित्र्याच्या साक्षीदाराचाही उलटतपास आणि फेरतपास होतो. त्याच दुकानदाराचं पुढे काय होतं ते बघा.

"आरोपीकडे तुमची उधारी आहे?"
"हाये थोडी."
"थोडी म्हणजे किती?"
"चार हजार सातशे."
"तो तुरुंगात गेला तर ती बुडेल?"
दुकानदार गप्प.
"पाच वर्षांपूर्वी शेजारच्या गावात तुषार संचाचे पाईप चोरल्याबद्दल त्याला दंड झाला, हे तुम्हाला माहीत आहे?"

या शेवटच्या प्रश्नाला बरं उत्तरच नाही. "माहीत नाही" म्हणाला तर गावातला लौकिक त्याला ठाऊक नाही असं ठरतं. "माहीत आहे" म्हणाला तर शिक्षा झालेल्या माणसाला हातचा साफ म्हणणाऱ्याचं मत कोण मोजणार? आणि शिक्षा खरी असेल तर सरकार पक्ष कलम ४९ खाली ती सिद्धही करील. उधारीचा प्रश्न सांभाळता येतो. साक्षीदाराला पढवायचं नाही, पण असा प्रश्न येईल हे सांगून "खरं तेच सांगा, लपवू नका" एवढं बजावणं हे वकिलाचं कामच आहे. पाईपचा प्रश्न मात्र तिसऱ्या पायरीवरच अडवायचा होता.

पूर्वीची शिक्षा सिद्ध करण्याची रीत सुरक्षा संहितेच्या कलम ३३४ मध्ये आहे: कोर्टाच्या अभिलेखाचा प्रमाणित उतारा, किंवा कारागृह अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र अथवा तुरुंगवासाचं वॉरंट. त्यासोबत शिक्षा झालेला माणूस हाच, याचाही पुरावा लागतो. खेड्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघे सापडतात आणि कधी बापाचं नावही जुळतं. नुसत्या नावावर उतारा दाखल होत असेल तर ओळखीचा पुरावा मागा.

पायरी ९: दार नकळत उघडू नका, समोरच्याला उघडू देऊ नका

ज्युनिअरकडून होणारी चूक अशी. तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासात तो मोठ्या आत्मविश्वासानं विचारतो, "आरोपीवर यापूर्वी एकही गुन्हा नाही, बरोबर?" उत्तर हवं तसं आलं तरी आपणच चांगल्या चारित्र्याचा पुरावा आणला असं सरकार पक्ष म्हणू शकतो. उलट आलं तर ते आपण स्वतः मागून घेतलेलं असतं. हा प्रश्न विचारायचाच असेल तर ठरवून विचारा, सवयीनं नको.

उलट बाजूनं तपास अधिकारी सरतपासात सहज म्हणून जातो, "आरोपी हा सराईत गुन्हेगार असून..." तिथल्या तिथे उठा. कलम ४९ सांगा, आक्षेप नोंदवून घ्या आणि ते वाक्य पुराव्यात धरू नये अशी विनंती करा. अपिलात पहिल्यांदा बोलण्यापेक्षा रोजनाम्यातली ती एक ओळ जास्त कामाची.

याच पायरीवर एक गोष्ट ठासून सांगायची आहे. फासेपारधी बेड्यावरच्या (वस्तीवरच्या) आरोपीच्या केसमध्ये कागदोपत्री किंवा तोंडी "त्या समाजाचा" उल्लेख हळूच येतो. चारित्र्य माणसाचं असतं, जातीचं नसतं. जमातीचा लौकिक हा कोणत्याही कलमाखाली पुरावा नाही. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सुरुवात झाली, तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांमधला जातीवर आधारलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. असा उल्लेख आला की संकोच न करता आक्षेप घ्या.

मात्र प्रत्येक जुनी गोष्ट "वाईट चारित्र्य" म्हणून अडवता येत नाही. भंगारवाल्याच्या गोदामात एका शेतकऱ्याची चोरीची मोटर सापडली आणि त्याच वेळी आणखी चार वेगवेगळ्या मालकांच्या मोटरी सापडल्या, तर माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक होतं हे दाखवायला कलम १२ खाली त्या चारही चालतात. विमा उतरवलेल्या कापसाच्या गंजीला दरवेळी आगच लागत असेल आणि दरवेळी त्याच माणसाला पैसे मिळत असतील, तर अपघात की हेतू हे ठरवायला कलम १३ खाली आधीच्या आगी चालतात. आक्षेप घेण्याआधी सरकार पक्ष ती गोष्ट वृत्तीसाठी आणतोय की जाणीव-हेतूसाठी, हे ओळखा.

मयताच्या स्वभावाचंही तसंच. खासगी बचावाचा मुद्दा असेल तर "मयत भांडखोर होता" एवढ्यावर भागत नाही. आरोपीला ते माहीत होतं आणि म्हणून त्या क्षणी त्याला जिवाची भीती वाटली, ही कडी जोडावी लागते.

लैंगिक गुन्ह्यांत: ही वाट बंद आहे

या विषयाचा इतिहास विदर्भातूनच जातो. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. आता गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयानं तिला शरीरसंबंधांची सवय होती यावर भर देत आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ मध्ये तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर आंदोलन उभं राहिलं. बलात्काराच्या कायद्यातली १९८३ ची दुरुस्ती त्यातून आली. पीडितेला सर्वसाधारणपणे अनैतिक ठरवून तिची साक्ष पाडण्याची मुभा देणारं पोटकलम २००२ च्या दुरुस्तीनं गेलं, आणि २०१३ मध्ये ५३-अ आलं.

आजचं कलम ४८ म्हणतं: भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम ६४ ते ७१ आणि ७४ ते ७८ खालच्या खटल्यांत संमतीचा प्रश्न असेल तर पीडितेचं चारित्र्य किंवा तिचे पूर्वीचे लैंगिक संबंध संमती ठरवायला गैरलागू आहेत. कलम १४९ च्या परंतुकानं उलटतपासातही ते प्रश्न बंद केले आहेत. सीनिअरनं जुन्या नोंदवहीतून काढून दिलेली प्रश्नावली तशीच वापराल तर न्यायाधीश थांबवतीलच. पीडितेचं नाव उघड करणं हाही न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर फिरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर हल्ला

आरोपीचं चारित्र्य आणि साक्षीदाराची विश्वासार्हता यांची गल्लत करू नका. साक्षीदाराची विश्वासार्हता हलवणारे प्रश्न कलम १४९ खाली विचारता येतात, पण कलम १५१ प्रमाणे कोर्ट तीन गोष्टी बघतं: आरोप खरा असला तर साक्षीवर खरंच परिणाम होईल का, ती गोष्ट फार जुनी आहे का, आणि साक्षीच्या महत्त्वाच्या मानानं आरोप अवाजवी आहे का. कलम १५२ प्रमाणे प्रश्नाला वाजवी आधार हवा. पक्षकार कानात "हा दारुड्या हाये" म्हणाला म्हणून लगेच विचारू नका. कशावरून, ते आधी विचारा. बिनआधाराचा प्रश्न विचारणाऱ्या वकिलाबद्दल कोर्ट कलम १५३ खाली उच्च न्यायालयाला कळवू शकतं.

साक्षीदारानं नाकारलं की प्रकरण तिथेच संपतं. कलम १५६ मुळे ते खोडायला पुरावा देता येत नाही. अपवाद दोनच: पूर्वीची शिक्षा नाकारली तर, आणि पक्षपाताची गोष्ट नाकारली तर. दुसरा अपवाद खेड्यात सोन्यासारखा आहे. धुऱ्याचा दावा, पाणंद रस्त्याची तहसीलदारांकडची तक्रार, ग्रामपंचायत निवडणुकीतली पडझड, यांचे प्रमाणित कागद आधीच काढून ठेवा.

दिवाणी दाव्यात

फार बोलायला नको. कलम ४६ प्रमाणे "असा माणूस असं करणार नाही" हा पुरावा दिवाणीत चालत नाही. अतिक्रमणाच्या दाव्यात प्रतिवादी किती सज्जन आहे याला किंमत नाही, मोजणीचा नकाशा बघतात. चारित्र्य हाच वादाचा मुद्दा असेल तिथे मात्र ते येतं: बदनामीची भरपाई (कलम ५०), क्रूरतेवरून घटस्फोट, किंवा मुलाचा ताबा, जिथे पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये पालकाचं चारित्र्य बघायला स्पष्टच सांगितलं आहे.

चॅप्टर केस

पुढे गुन्हा घडू नये म्हणून माणसाकडून आधीच हमी घेण्याची, तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसमोर चालणारी ही कार्यवाही वेगळी आहे. सुरक्षा संहितेच्या कलम १२९ खाली सराईत गुन्हेगाराकडून तीन वर्षांपर्यंतचं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागता येतं, आणि कलम १३५ प्रमाणे माणूस सराईत आहे हे सर्वसाधारण लौकिकावरूनही सिद्ध करता येतं. म्हणजे कोर्टात जे दार बंद, ते इथे सताड उघडं. म्हणूनच इथे आपले साक्षीदार जरूर द्या. समोरच्या साक्षीदाराला विचारा: तू त्याच गावचा का, हे कोणाकडून ऐकलं, किती जणांकडून? ठाण्यावर चहा पाजणारा नेहमीचा साक्षीदार या तीन प्रश्नांत उघडा पडतो. चौकशी सहा महिन्यांत संपायला हवी, तीही तारीख मोजत राहा.

शिक्षेच्या टप्प्यावर

दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत ऐकून घेतात तेव्हा नियम सैल होतात. पुराव्यात न चाललेला सरपंचाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, घरात कमावता एकटाच असल्याचे कागद, सगळं इथे लावा. अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली बंधपत्रावर सुटका मागताना अपराध्याचं चारित्र्य बघितलं जातं. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा आणि ते गावात चौकशीला येतील तेव्हा घरी कोणीतरी असेल असं बघा. आरोपी २१ वर्षांखालचा असेल तर कलम ६ वाचून दाखवा.

चोरीच्या केसमध्ये न्याय संहितेचं कलम ३०३(२) नीट वाचा. पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा माल, पहिलीच दोषसिद्धी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. दुसऱ्यांदा किंवा पुढे दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी. वाढीव शिक्षेसाठी सरकार पक्षाला पूर्वीची दोषसिद्धी दोषारोपात घालावी लागते (सुरक्षा संहिता, कलम २३४), आणि आरोपीनं ती नाकारली तर तिचा पुरावा चालू खटल्यात तो दोषी ठरल्यानंतरच घेतात: सत्र न्यायालयात कलम २५९, दंडाधिकाऱ्यांसमोर २७१. दोषारोप वाचून दाखवतात त्या दिवशीच ही ओळ त्यात आहे का, ते तपासून घ्या.